कुठले काळे?

जून अर्धा सरला की आमच्या खराडीत विजेच्या खांबांना कागद फुटतात. अंगावर खरूज फुटावी तसे. कालच्यावर आजचा, आजच्यावर उद्याचा. 'थ्री-शेअरिंग', 'ओन्ली गर्ल्स', 'ओन्ली व्हेज', 'डीसेंट फॅमिली बॅकग्राऊंड', आणि खाली फाडून न्यायला फोन नंबरांच्या झालरी. संध्याकाळी भाजी आणायला उतरले की त्या झालरींपुढे उभ्या असलेल्या मुली दिसतात. पाठीवर सॅक, हातात फोन, आणि चार पावलं मागे बाप. बाप कागद वाचत नसतो. तो मान वर करून इमारतीकडे बघत असतो, आपली मुलगी या एवढ्या उंच ढिगाऱ्यात नेमकी कुठे मावेल ते शोधत असल्यासारखा. ती वर केलेली मान बघितली की मला राग येतो. इतक्या वर्षांनी राग येणं शहाणपणाचं नाही, असं माझी मैत्रीण विजया म्हणते. विजयाला म्हातारपणी शहाणपणाचा सोस लागला आहे. तरुणपणी तसा नव्हता, आणि त्याबद्दल मी तिची जन्माची ऋणी आहे. ते पुढे येईलच.

आमच्या वेळी शेअरिंग नव्हतं. आमच्या वेळी शब्द होता 'कॉट बेसिस'. हा शब्द कुणी काढला ठाऊक नाही, पण याच्याइतका पुणेरी शब्द मी दुसरा ऐकलेला नाही. खोली भाड्याने दिली की खोली द्यावी लागते. मग भाडेकरू खिडकी उघडतो, भिंतीला खिळा ठोकतो, आपल्याला इथे काही अधिकार आहे असं त्याला वाटू लागतं. कॉट दिली की फक्त कॉट दिली. भिंती मालकाच्या, खिडकी मालकाची, खिडकीतून येणारा उजेड मालकाचा, आणि पंख्याचा वारा तर मालकाचाच. माणसाच्या लांबीरुंदीएवढीच जागा मोजून द्यायची सोय एरवी फक्त स्मशानात असते. तिथे निदान खाली लाकडं देतात.

हल्ली आमच्या वयाची माणसं एकत्र जमली की त्या दिवसांविषयी फार गोड बोलतात. ते मंतरलेले दिवस, ती टेकडी, तो अमृततुल्यचा चहा, तो मालकांचा खडूस पण प्रेमळ स्वभाव. खडूस हे मी ऐकून घेते. 'पण प्रेमळ' आलं की उठून हात धुवायला जाते.

माझा सीझन असा होता. बी.एस्सी. बार्शीत झालं होतं आणि विद्यापीठात एम.एस्सी.ला वनस्पतिशास्त्राला प्रवेश मिळाला होता. मुलींच्या वसतिगृहात जागा मिळाली नव्हती. माझे वडील, अण्णा, एस.टी.च्या वर्कशॉपमध्ये मेकॅनिक. रजा टाकून ते माझ्याबरोबर पुण्यात आले होते आणि ती रजा रविवारी संपत होती. घरी चुलत्यांनी कुर्डुवाडीचं एक स्थळ तयार ठेवलं होतं, मुलगा रेल्वेत. निघताना अण्णा सगळ्यांसमोर म्हणाले होते, "ऱ्हायाची सोय झाली तर शिकंल. न्हाई तर संगट घेऊन येतो." म्हणजे माझं शिक्षण एका कॉटवर अडलं होतं. रविवारपर्यंत कॉट, नाही तर कुर्डुवाडी.

आम्ही उतरलो होतो मार्केट यार्डात. गावाकडचे एक ओळखीचे गृहस्थ कांद्याच्या गाळ्यावर दिवाणजी होते, त्यांनी पोत्यांच्या थप्पीमागे आम्हाला पथारी दिली होती. दिवसभर हमालांची आरोळी, ट्रकचा धूर, आणि कांदा. कांद्याचा वास डोळ्यांतून जातो, पण कपड्यांतून जात नाही, हे मला तिथे कळलं. अण्णांचा एकच पांढरा शर्ट होता. तो ते रोज संध्याकाळी गाळ्याच्या नळावर धूत आणि सकाळी दमट असतानाच घालत. दारात उभं राहायचं तर शर्ट पांढरा हवा, एवढं त्यांना ठाऊक होतं. पुण्याला शर्टाच्या आतलं बघायचं असतं हे ठाऊक नव्हतं.

मग घरं सुरू झाली. डेक्कन, एरंडवणे, कर्वे रस्त्याच्या गल्ल्या. पुण्यातल्या पाट्यांवर सगळा महाराष्ट्र हसतो. ज्यांना त्या पाट्यांखाली उभं राहून वाट बघावी लागली नाही त्यांनी जरूर हसावं. पहिल्या घरी गृहस्थ फाटकाशीच उभे राहिले. अण्णांनी नाव सांगितलं.

"काळे. बरं. कुठले काळे?"

"बार्शीचे."

"ते झालंच हो. पण म्हणजे… कुठले?"

इथे थांबून एक गोष्ट सांगितली पाहिजे. काळे हे आडनाव मोठं बिलंदर आहे. ते पेशवाईच्या कागदांत सापडतं, पाटलांच्या वाड्यात सापडतं आणि गावकुसाबाहेरही सापडतं. कुलकर्णी म्हटलं की समोरचा निश्चिंत होतो, दुसरं एखादं म्हटलं की लगेच सावध होतो. काळे म्हटलं की तो दारात अधांतरी लटकतो. त्याचा तो लटकलेला चेहरा बघण्यासारखा असतो. जात विचारायची नाही, कारण आपण सुशिक्षित. विचारल्याशिवाय राहवायचं नाही, कारण आपण सुशिक्षित असलो तरी घर आपलं. मग तो गाव विचारतो, मूळ गाव विचारतो, मूळ गावाच्या अलीकडचं पलीकडचं विचारतो. "आपण मूळचे कुठले?" मुळांविषयी इतकी बारीक चौकशी पुढे आमच्या वनस्पतिशास्त्र विभागातही कुणी केली नाही.

अण्णा सरळ माणूस. त्यांना वाटलं, विचारतायत तर सांगावं. पहिल्या दोन-तीन घरी त्यांनी खरं काय ते एका शब्दात सांगून टाकलं. कुणी ओरडलं नाही, कुणी दार आपटलं नाही. "अच्छा अच्छा," म्हणाले. "तसं आमचं काही नसतं हो," म्हणाले. "पण जागा कालच गेली बघा." एका बाईंनी तर जागा गेल्याचं सांगून आम्हाला पाणी दिलं, आणि आम्ही पायऱ्या उतरत असताना ते पेले निराळे ठेवल्याचा आवाज मला ऐकू आला. सगळं 'आपण', 'बसा ना', 'पुन्हा या' करत. अपमानसुद्धा आदरार्थी बहुवचनात करण्याची ही कला मी आणखी कुठल्या शहरात पाहिलेली नाही. माझ्या गावात हाकलतात तेव्हा निदान हाकलल्यासारखं हाकलतात.

चौथ्या घरापासून अण्णांनी उत्तर आखूड केलं. नुसतं "बार्शीचे." त्यापुढे विचारलं तरी "बार्शीचेच आम्ही." त्याने जागा मिळत नव्हती, पण पेल्यांचा आवाज ऐकावा लागत नव्हता.

शनिवारी दुपारी आम्ही कर्वे रस्त्याच्या मागच्या एका गल्लीत नानांच्या बंगल्यापुढे उभे राहिलो. नानांचं आडनाव मी सांगणार नाही. आडनावांचा मला वीट आला आहे. सरकारी हिशेबखात्यातून निवृत्त झालेले, दुमजली बंगला, बाहेरच्या खोलीत कुलवृत्तांतांचे जाडजूड ग्रंथ ओळीने लावलेले. कुठल्या घराण्याचा कोण कुठून कुठे गेला हा त्यांचा छंद होता. लोक पोस्टाची तिकिटं जमवतात, हे माणसांची आडनावं जमवत. शिवाय ते वाचनालयात समाजसुधारणेवर व्याख्यानं देत, हे त्यांनी आम्हाला पहिल्या पाच मिनिटांत सांगितलं.

"काळे? कुठले काळे?"

"बार्शीचे," अण्णा म्हणाले.

"थांबा, थांबा. सांगू नका!" नानांनी हात वर केला. डोळे मिटले. "बार्शीचे काळे म्हणजे भगवंताच्या देवळाजवळचे. घरात वैद्यकी होती. बरोबर?"

"देवळापासून लांब न्हाई आमचं घर," अण्णा म्हणाले. बार्शीत कुठलंच घर देवळापासून फार लांब नाही.

"असणारच! ऐकलंस का गं, वैद्य काळ्यांपैकी आहेत हे." आतून काकू, म्हणजे नानांच्या पत्नी, बाहेर आल्या. त्यांनी माझ्याकडे बघितलं आणि नाक जरा उचललं. "कांद्याचा वास येतोय का हो कुठून?" नाना म्हणाले, "प्रवासातून आलेत." विषय संपला. जाणकाराला पुढे काही विचारावं लागत नाही, तेवढ्यासाठीच तो जाणकार झालेला असतो. मला कॉट मिळाली.

परत जाताना बसस्टॉपवर मी अण्णांना म्हटलं, "अण्णा, त्यांचा गैरसमज झालाय."

अण्णा बराच वेळ बस येते का ते बघत राहिले. मग म्हणाले, "गाव इचारलं, गाव सांगितलं. वैद्यकी त्यांनी काढली. आपण काय इंजेक्शन घेऊन गेलो हुतो का?" आणि त्या सबंध आठवड्यात पहिल्यांदा हसले. रविवारी माझं सामान वर कॉटपाशी ठेवून ते रात्रीच्या गाडीने एकटे परत गेले. कुर्डुवाडीचा रेल्वेवाला दुसऱ्या कुणाला तरी मिळाला, सुखात असेल.

वरच्या मजल्यावरच्या त्या खोलीत दोन लोखंडी कॉट होत्या. एकीवर मी, दुसरीवर विजया. विजया चिपळूणची, रसायनशास्त्राला. तिचं आडनाव तपासून पास झालेलं होतं. नियम असे: कॉटवर बसून खाऊ नये, कॉटवर पाहुण्यांना बसवू नये, कॉट भिंतीपासून हलवू नये. हलवली की फरशीवर पाय घासून किरकिर आवाज येई आणि खाली नानांची वामकुक्षी मोडे. मोडली की ते काठीने छत ठोकत. त्या वर्षाची आठवण म्हणजे मला आधी तो खालून येणारा ठक ठक आवाज. मग पावसाळ्यात न वाळलेल्या चादरीचा कुबट वास, विद्यापीठाच्या बसमधला दांडा, बुधवार पेठेतून आणलेली दुसऱ्याने अधोरेखित केलेली पुस्तकं, आणि उशाशी वर्तमानपत्रात दाबून ठेवलेली माझी पानं. पानं मला फार आवडत. पान हातात घेतलं की त्याचं कुळ सांगता येतं, आणि त्यात पानाचा काही अपमान होत नाही.

गणपतीत काकूंच्या पत्रीचा घोटाळा झाला. मंडईतून आणलेल्या जुडीत माका म्हणून भलतंच काहीतरी होतं आणि शमीच्या जागी बाभळीचा पाला. मी ते सहज बोलून गेले. दुसऱ्या दिवशी विद्यापीठाच्या आवारात हिंडून माका, आघाडा, रुई, शमी, सगळं ओल्या फडक्यात बांधून आणलं. काकूंनी हात जोडले. नानांचा चेहरा तर दिवाळीसारखा उजळला. "रक्त आहे हो, रक्त! वैद्यकीचं घराणं. हे शिकवून येत नाही." मला शिकवणाऱ्या बार्शीच्या प्राध्यापकांची तीन वर्षं त्यांनी एका वाक्यात पाण्यात घातली. मी तोडलेली पत्री त्यांच्या गणपतीच्या डोक्यावर चढली. गणपतीने काही हरकत घेतली नाही.

मला तेव्हा हसू येत होतं, आणि भीतीही वाटत होती, हेही सांगते. दिवसातून दोनदा मी मनात म्हणत असे की आपण खोटं बोललेलो नाही. ज्याला हे दिवसातून दोनदा म्हणावं लागतं त्याची झोप काय असते ते ज्याचं त्याला ठाऊक. कॉट तर सारखी किरकिरायची.

दिवाळीनंतर एका संध्याकाळी काकूंनी मला खाली बोलावलं. बशीत चकली आणि अनारसा. नाना पंचांग घेऊन बसलेले. नाशिकला बँकेत असलेला भाचा होता, मुलगा निर्व्यसनी, स्वतःचा ब्लॉक.

"आपल्यातलाच आहे," काकू म्हणाल्या. "तुझ्या वडिलांना लिहायच्या आधी म्हटलं तुला विचारावं."

"गोत्र काय आपलं?" नानांनी चष्मा पुसत विचारलं. मला ते 'आपण' म्हणत, पहिल्या दिवसापासून.

गाव विचारलं असतं तर गाव सांगितलं असतं. पण गोत्राला बार्शी हे उत्तर होत नाही. मी अनारशाचा तुकडा मोडला आणि म्हटलं, "आम्हाला गोत्र नाही."

"नाही म्हणजे? गोत्र प्रत्येकाला असतं."

"तुमच्या प्रत्येकात आम्ही येत नाही, नाना."

कुलवृत्तांताचे सगळे खंड नानांच्या मागे उभे होते, पण एकही मदतीला येईना. मग नाना म्हणाले, "असं होय." काकूंनी बशी उचलली. माझ्या हातातला अनारशाचा तुकडा तेवढा माझ्याकडे राहिला. तो मी जिन्यात उभं राहून खाल्ला. अनारसा छान झाला होता. दुसऱ्या दिवशी काकूंनी देवघर धुतलं असं मोलकरणीने विजयाला सांगितलं. गणपती केव्हाच विसर्जित झाला होता, त्यामुळे तो सुटला.

त्याच दिवशी सकाळी नाना जिन्यात भेटले.

"त्या कॉटला गंज चढलाय," ते म्हणाले. "रंगवायला द्यायची म्हणतोय."

"बरं. तोपर्यंत मी जमिनीवर गादी घालीन."

"तसं नाही करता येणार. आपण कॉट बेसिसवर राहता ना? कॉटच नाही म्हटल्यावर बेसिस कसला?" ते खरोखर दिलगीर दिसत होते. "रविवारी माणूस येईल कॉट न्यायला. तेवढं आपलं सामान…"

या वाक्याला मी आयुष्यभर दाद देत आले आहे. तिरस्काराने, पण दाद. समाजसुधारणेवर बोलणारा माणूस. त्याने जातीचा शब्द उच्चारला नाही, आवाज चढवला नाही, 'आपण' सोडलं नाही. फक्त माझ्याखालची कॉट काढून घेतली, आणि मी पडले तर तो नियमाचा भाग होता. सहामाहीच्या तोंडावर नवी जागा मिळायची नाही हे त्यालाही ठाऊक होतं. कुर्डुवाडीवाला गेला होता, पण चुलते घरातच होते, आणि पोरीला पुण्याने परत पाठवलं म्हटल्यावर त्यांनी पुढचं स्थळ संध्याकाळपर्यंत आणलं असतं.

मी खोलीत येऊन विजयाला सगळं सांगितलं, कुठले काळे त्यासकट. ती माझ्याकडे बघत राहिली. मला वाटलं, आता हीसुद्धा 'असं होय' म्हणणार. ती म्हणाली, "म्हणजे कॉट असली की बेसिस आहे?"

"त्यांच्या म्हणण्याप्रमाणे."

"मग कॉट आणू या."

रविवारी जुना बाजार भरतो. गंजके पाने, तुटके पंखे, ग्रामोफोनचे कर्णे, कुणाकुणाच्या मेलेल्या आजोबांचे चष्मे, आणि त्यात एक लोखंडी कॉट, एका पायाने अधू. विजयाने घासाघीस केली; कोकणातली असल्यामुळे ती त्या बाबतीत निर्दय होती. हातगाडीवर कॉट उलटी घातली, पाय आभाळाकडे. हातगाडीवाला पुढे, आम्ही दोघी मागून ढकलत, पूल ओलांडून सगळं भर दुपारचं पुणं आम्ही त्या कॉटला दाखवलं. वामकुक्षीच्या ऐन वेळी नानांच्या फाटकाशी पोचलो. विजयाने बेल दाबली आणि दाबूनच ठेवली.

नाना बाहेर आले. "हे काय आहे?"

"कॉट," मी म्हटलं.

"ते दिसतंय."

"तुमची रंगवून होईपर्यंत ही राहील. म्हणजे बेसिसचा प्रश्न येणार नाही."

"असं चालत नाही."

"का नाही चालत?" विजया म्हणाली. तिचा आवाज मुळातच मोठा होता. समोरच्या दोन गॅलऱ्यांत माणसं आली. "कारण सांगा ना, नाना. काय अडचण आहे नेमकी? मोठ्याने सांगा, या हातगाडीवाल्यालाही कळू दे. आणि ही जाणार असेल तर मीही जाते. दोन्ही कॉट रंगवून घ्या एकदमच."

नानांनी गॅलऱ्यांकडे बघितलं. त्यातल्या एकीत त्यांच्या वाचनालयाचे चिटणीस उभे होते, हातात वर्तमानपत्र घेऊन. खरं कारण नानांच्या अगदी ओठांवर होतं आणि ते रस्त्यावर बोलता येत नव्हतं. मी त्या माणसाला इतका लहान झालेला पुन्हा कधी पाहिला नाही. ते पायरी उतरून माझ्याजवळ आले आणि आवाज खाली घेऊन म्हणाले, "आपल्या वडिलांनी हे तेव्हाच सांगायला हवं होतं. कुठले काळे ते."

"सांगितलं होतं की," मी म्हटलं. "बार्शीचे."

फाटक उघडलं गेलं. हातगाडीवाल्याने कॉट वर नेऊन दिली आणि पाणी मागितलं, ते विजयाने दिलं.

माझी मूळची कॉट बाहेर गॅलरीत निघाली. ती वर्षभर तिथेच होती. तिला कुणी रंगाचं बोटही लावलं नाही. उन्हाळ्यात काकू तिच्यावर सांडगे वाळत घालत. मला त्या घराने पुढे कधी खाली बोलावलं नाही. चैत्रगौरीची आंबेडाळ वर आली ती विजयाच्या नावाने, एकाच वाटीत. तिने मला अर्धी दिली. डाळ उत्तम होती, आणि हे मान्य करताना मला अजून त्रास होतो. जिन्यात भेटले की नाना बाजूला होत आणि म्हणत, "या आपण." मी परीक्षा दिली, पास झाले, आणि पुढे जन्मभर मुलांना मुळं शिकवली. सोटमूळ, तंतुमूळ, आगंतुक मूळ. त्यापलीकडची चौकशी कधी केली नाही.

आता वाचणाऱ्यांपैकी काहीजण मनात विचारत असतील, की मग खरोखर कुठले काळे? वरचे सगळे परिच्छेद वाचताना ते शोधत आले असतील; अण्णांच्या बोलीत, गावकुसाच्या उल्लेखात. नानांचे बरेच वारस आहेत. शोधू द्या.

परीक्षेच्या आधी अण्णा एकदा भेटायला आले. मी त्यांना यातलं काही कळवलं नव्हतं. काकूंच्या नियमाविरुद्ध मी त्यांना कॉटवर बसवलं. ते बसले, उठले, खाली वाकले आणि कॉटच्या पायावरून हात फिरवला.

"ही निराळी हाय."

"तीच आहे. रंगवली मध्ये."

त्यांच्या बोटांना गंज लागला होता. त्यांनी तो बघितला, रुमालाला पुसला आणि म्हणाले, "रंग बेकार मारलाय." दुसरं काही विचारलं नाही. पुढच्या खेपेला वर्कशॉपमधून जुन्या टायरच्या रबराचे चार गोल तुकडे कापून घेऊन आले, आणि गुडघ्यांवर बसून एकेका पायाखाली सरकवले. "आवाज नको व्हायला," म्हणाले. "खाली माणसं ऱ्हातात."

त्या वाक्यासाठी मी नानांना माफ केलेलं नाही. अण्णा गेले त्याला वर्षं झाली, नानाही गेले असतील. बंगल्याच्या जागी पार्किंगवर उभी असलेली एक इमारत आहे. कॉट मात्र माझ्याकडे आहे, खराडीच्या या फ्लॅटमध्ये, मागच्या खोलीत. मुलगा परदेशी गेल्यापासून ती खोली रिकामी असते. आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर दर जूनमध्ये चर्चा होते की भाडेकरू "आपल्या कल्चरचे" असावेत. भाषा बदलली, प्रश्न तोच, आणि विचारणारे आता गळ्यात कंपनीचं ओळखपत्र घालून विचारतात.

परवा खांबाशी परत एक मुलगी आणि तिचा बाप दिसले. तिसऱ्यांदा दिसले, म्हणून मी वॉचमनला म्हटलं, त्यांना वर पाठव. बेल वाजली. दार उघडलं तर मुलगी मागे आणि बाप पुढे. चपला त्यांनी लिफ्टपाशीच काढून ठेवल्या होत्या. अंगात पांढरा शर्ट, इस्त्रीचा.

"या," मी म्हटलं.

ते उंबऱ्याच्या बाहेरच थांबले आणि पाठ केल्यासारखं सांगू लागले. पूर्ण नाव. आडनाव. गाव, तालुका. घरात मांसमच्छी होत नाही. मग लिफ्टकडे एकदा वळून बघितलं, आवाज खाली घेतला आणि आणखी एक शब्द सांगितला, तो मी इथे लिहिणार नाही.

"आधीच सांगितलेलं बरं असतं, मॅडम," ते म्हणाले. "मागून पोरीला त्रास नको."

मी अजून फक्त 'या' म्हणाले होते.